संगमानंतर

निवृत्त होण्यात एक मोठी अडचण असते. ज्या सबबींच्या आश्रयाने आपण आजवर सुखाने कालक्रमणा केली, त्या साऱ्या सबबीही त्याच दिवशी निवृत्त होतात. 'पुढच्या वर्षी रजा मिळाली, की तुला हिमालय दाखवीन,' हे वचन मी सौभाग्यवतीला तेहतीस वर्षे देत आलो होतो. निरोपसमारंभातला हार सुकला न सुकला, तोच तिने मला त्याची आठवण दिली. आणि जून महिन्यात आम्ही दोघे श्रीनगराहून मोटारीने लेहच्या वाटेला लागलो.

प्रवासाची आखणी अर्थात माझी होती. आखणी मी करावी आणि सामान तिने भरावे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. कोठे मुक्काम, किती वाजता प्रस्थान, कोणत्या खिंडीत किती मिनिटे थांबायचे, हे सारे मी एका वहीत टिपून ठेवले होते. आणि त्या वहीचा मला एखाद्या ग्रंथकाराइतका अभिमान वाटत होता.

सोनमर्गपर्यंत सृष्टीने हिरव्या रंगाची नुसती उधळण केली होती. पुढे झोजीला लागली. उंची साडेअकरा हजार फूट. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मध्ये चिखलाची अरुंद वाट. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सैन्याने येथे रणगाडे चढविले होते, हे मी सौभाग्यवतीला सांगत होतो. तिचे लक्ष मात्र खिडकीबाहेर होते. "अहो, झाडे कोठे गेली?" तिने एकाएकी विचारले.

खरेच, झाडे संपली होती. खिंडीच्या अलीकडे अरण्य, पलीकडे उघडे, तांबूस-करडे डोंगर! महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वीस इंचांची मारामार असते. सह्याद्री जो पंक्तिप्रपंच करतो, तोच हिमालय आपल्या मापाने करतो. ढग अलीकडच्या उतारावर रिते होतात, आणि लेहच्या वाट्याला वर्षाकाठी अवघे चार इंच पाणी येते. वाळवंट म्हटले की आपल्याला उष्ण वाळू आठवते. येथे बर्फाच्या सावलीत वाळवंट पसरलेले आहे.

कारगिलला रात्र काढून दुसऱ्या दिवशी या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड फोटूला ओलांडली. लामायुरूची पिवळसर माती, एका प्राचीन सरोवराचा तो उघडा पडलेला तळ, डोळे भरून पाहिली, आणि निमू गावापाशी येऊन थांबलो. येथे झांस्कर नदी सिंधूला मिळते. दोघींचे पाणी दोन रंगांचे. काही अंतर त्या एकमेकींचा रंग न घेता शेजारी शेजारी वाहतात. वहीप्रमाणे येथे दहा मिनिटे होती.

"संगमानंतर हिचे नाव काय?" सौभाग्यवतीने विचारले.

"सिंधूच की!"

"आणि झांस्करचे?"

"ती सिंधूला मिळाली. मग निराळे नाव कशाला?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पाणी काही कमी आणले नाही हो तिने." मी घड्याळ पाहिले. दहा मिनिटे होऊन गेली होती.

लेहला दोन दिवस विसावा घेऊन आम्ही खारदुंगलाकडे निघालो. साडेसतरा हजार फुटांहून थोडी अधिक अशी ही खिंड. तेथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम निम्मा. माथ्यावर उतरून मी छायाचित्राची तयारी करतो आहे, तोच सौभाग्यवती मोटारीच्या दाराला धरून खाली बसली. चेहरा पांढराफटक, ओठ निळसर.

"माताजींचे डोके लेहपासूनच दुखते आहे, साहेब," चालक म्हणाला. "माझ्याकडे गोळी मागितली होती. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. साहेबांचा सगळा बेत मोडेल."

परक्या माणसाला जे ठाऊक होते, ते मला ठाऊक नव्हते. बर्फाळ वाऱ्यापेक्षाही ते वाक्य मला अधिक झोंबले.

तेथल्या लष्करी दवाखान्यात तिला प्राणवायू दिला. जवानाने नोंदवही पुढे ओढून नाव विचारले. सवयीने उत्तर मी देणार, तोच तिने मिटल्या डोळ्यांनी क्षीण आवाजात एक नाव सांगितले. ते तिचे माहेरचे नाव होते. लग्नापूर्वी पत्रिकेवर मी ते एकदा वाचले होते. पुढे गृहप्रवेशाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने मी दुसरे नाव लिहिले, तेही माझ्याच आवडीचे, आणि पहिले विसरून गेलो. 'चुकले, ते नाव नव्हे,' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. सुदैवाने ते तेथेच थांबले.

अर्ध्या तासाने तिला हुशारी आली. जवान म्हणाला, "आता लवकर खाली उतरा, कोणत्याही बाजूला." मी वही उघडली, आणि मिटून खिशात घातली. "परत लेहला जायचे, की पुढे नुब्राला? तुला काय वाटते?" असे मी विचारले, तेव्हा ती माझ्याकडे आश्चर्याने पाहत राहिली. "नुब्रा लेहपेक्षा खाली आहे ना? मग पुढेच जाऊ," ती म्हणाली.

संध्याकाळी हुंदरला वाळूच्या टेकड्यांवर बसलो होतो. नदीची वाळू वाऱ्याने उचलून येथे रचलेली. चहूंकडे हिमाच्छादित शिखरे, आणि मध्ये दोन मदारींचे उंट संथपणे चालत होते. यारकंदच्या तांड्यांबरोबर आलेल्या उंटांचे हे वंशज. विसाव्या शतकाच्या मध्यास तो व्यापारमार्ग बंद पडला. उंट मात्र येथेच राहिले, येथलेच झाले.

"तुला नवे नाव आवडले होते का?" मी विचारले.

"तेव्हा कोणी विचारले होते?" ती हसली. "तसे नव्हे हो. याच नावाने संसार केला, मुले वाढविली. हेही माझेच आहे. पण आई शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारीत असे. ती गेल्यापासून ते कोणी उच्चारलेच नाही."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग, शाळेतल्या मुलाने नवा शब्द अडखळत वाचावा, तसे ते नाव मी उच्चारले. तिने मान वळविली नाही. वाळूवरून हात फिरवीत राहिली. आणि बऱ्याच वेळाने, अगदी हळू, तिने 'ओ' दिली.

ते नाव येथे लिहावे, असा मोह होतो आहे. पण या वेळी मी तिला विचारले. आणि ती नको म्हणाली.