मिश्र सराव आणि बाभुळगावचा गणितवर्ग

माध्यमिक शाळेतील गणिताच्या अपयशाची चर्चा बहुधा पाया कच्चा असणे, सूत्रे पाठ नसणे आणि सराव अपुरा पडणे या कारणांपाशी थांबते. परंतु भरपूर सराव केलेला विद्यार्थीही सहामाही परीक्षेत ओळखीच्या उदाहरणापाशी का अडतो, याचा उलगडा त्यांतून होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव येथे नववी-दहावीला गणित शिकवताना प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाने दीर्घकाळ अस्वस्थ केले, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले ते बोधविज्ञानात, म्हणजे माणूस माहिती कशी ग्रहण करतो, साठवतो आणि आठवतो याचा प्रयोगांद्वारे शोध घेणाऱ्या शास्त्रात.

बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणात सरावसंच आणि शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या शीर्षकाखाली आलेल्या शाब्दिक उदाहरणात x आणि y मानायचे, हे विद्यार्थ्याला उदाहरण वाचण्यापूर्वीच ठाऊक असते. पुढच्या प्रकरणात तशाच भाषेतील उदाहरण वर्गसमीकरणाचे निघते आणि त्यानंतर अंकगणिती श्रेढीचे, परंतु तेथेही शीर्षकाने उत्तराचा मार्ग आधीच दाखवलेला असतो. संकीर्ण प्रश्नसंग्रहदेखील त्या एका प्रकरणापुरताच संकीर्ण असतो. परिणामी रीत वापरण्याचा सराव उदंड होतो, पण कोणती रीत वापरायची हे ठरवण्याचा सराव जवळजवळ होतच नाही, आणि मंडळाच्या 40 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत प्रकरणाचे नाव कोणी छापत नाही.

या उणिवेवरचा उपाय म्हणजे मिश्र सराव, अर्थात एकाच गृहपाठात वेगवेगळ्या प्रकरणांतील उदाहरणे सरमिसळ करून देणे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घनाकृतींचे घनफळ काढण्यास शिकवले, तेव्हा एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावातील उत्तरे 89 टक्के आणि मिश्र सराव करणाऱ्यांची 60 टक्के बरोबर आली. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिला गट 20 टक्क्यांवर घसरला आणि दुसरा 63 टक्क्यांवर टिकला. रोहरर आणि सहकाऱ्यांनी 2020 साली फ्लोरिडातील सातवीच्या 54 वर्गांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही महिन्यानंतरच्या अनपेक्षित चाचणीत मिश्र सरावाला 61 आणि सलग सरावाला 38 टक्के गुण मिळाले.

बाभुळगावच्या वर्गात हा बदल सुरुवातीला कष्टाचाच ठरला. गृहपाठातील चुका वाढल्या, मागचे प्रकरण पुन्हा का, असे विद्यार्थी विचारू लागले आणि वह्यांतील लाल खुणा पाहून पालकांनाही काळजी वाटली. सरावातील यश तात्पुरते असू शकते हे दाखवणारे प्रयोगातील आकडे समोर नसते, तर शिक्षकाने हा प्रयत्न बहुधा सोडून दिला असता. पुढे विद्यार्थी लेखणी उचलण्यापूर्वी उदाहरण दोनदा वाचू लागले आणि ‘दरमहा ठरावीक रकमेने वाढते म्हणजे श्रेढी’ असे एकमेकांना सांगू लागले. मिश्र सरावाचा एक लाभ आधी लक्षातही आला नव्हता. कापूस वेचणीच्या दिवसांत येथील अनेक मुले शेतावर जातात आणि एखादे प्रकरण त्यांच्या हातून अर्धवट सुटते. सलग पद्धतीत ते परीक्षेपर्यंत परत येत नसे, मिश्र गृहपाठात मात्र ते थोडेथोडे पुन्हा समोर येत राहिले.

तथापि, प्रकरण नवे असताना मिसळण्याची घाई करणे चुकीचे आहे. विचार करताना माहिती क्षणभर धरून ठेवणारी कार्यकारी स्मृती फार तोकडी असते. नेल्सन कोवान यांच्या 2001 मधील मांडणीनुसार तिच्यात एका वेळी सुमारे चारच घटक मावतात. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 साली बीजगणितातच दाखवून दिले, की नवशिक्याला प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवायला लावण्यापेक्षा पायरीपायरीने सोडवून दाखवलेल्या उदाहरणांचा अभ्यास अधिक उपयोगी पडतो. म्हणून शंकुछेदाचे सूत्र प्रथम दोन-तीन सोडवलेल्या उदाहरणांतून स्पष्ट करावे, आणि ते हाताळता येऊ लागल्यावरच शंकू, गोल व वृत्तचिती यांच्याबरोबर मिसळावे.

यासाठी वेगळी साधने किंवा निधी लागत नाही. पाठ्यपुस्तक मंडळाने प्रत्येक सरावसंचाच्या शेवटी आधीच्या प्रकरणांतील दोन-तीन उदाहरणे छापावीत, आणि ती छापली जाईपर्यंत गणिताच्या शिक्षकांनी ती फळ्यावर लिहून द्यावीत.