माऊंटन व्ह्यू : अवजारे बदलणाऱ्यांचे गाव

सॅन फ्रान्सिस्कोहून उपसागराच्या कडेने दक्षिणेकडे निघाले की मेन्लो पार्क, पालो आल्टो, माऊंटन व्ह्यू, सनीव्हेल, सॅन होजे अशी गावे एकामागून एक येतात. एक गाव कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. एकेकाळी हा सारा मुलूख जर्दाळू, चेरी आणि आलुबुखार यांच्या बागांसाठी प्रसिद्ध होता. आज त्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात. आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले तेथे नोकरीस आहेत. आईवडील काही महिन्यांसाठी जातात, गोल्डन गेट पूल पाहतात, नातवंडांना खेळवितात आणि परततात. मुले दिवसभर नेमके काय करतात, हे मात्र बहुतेकांना अखेरपर्यंत समजत नाही. ते समजून घेण्याची एक चांगली जागा माऊंटन व्ह्यू येथे आहे. तिचे नाव कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम.

माझा भाचा त्या भागात १८ वर्षे सॉफ्टवेअर अभियंता आहे. वडिलांची कापडाची पेढी असताना त्याने हा मार्ग निवडला. आज त्याचे वय ४३ आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी नोकरकपात केलेली त्याने जवळून पाहिली असून, उद्या आपली गरज उरेल काय, हा प्रश्न त्याच्याही मनात आहे. हे संग्रहालय त्यानेच मला दाखविले.

संग्रहालयाची इमारतच प्रथम विचारात पाडते. ती मुळात सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची. चित्रपटांतील संगणकीय दृश्यांसाठी तिची यंत्रे एकेकाळी जगभर नावाजली होती. पुढे ती कंपनी दिवाळखोरीत गेली. गूगलचे जवळचे मुख्यालयही आधी याच कंपनीचे होते.

आतील सर्वांत जिवंत दालन आय.बी.एम. १४०१ या संगणकाचे आहे. १९५९ साली जाहीर झालेले हे यंत्र दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झाले. संग्रहालयातील यंत्रे स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे खपून पुन्हा चालती केली. त्यांत अनेक निवृत्त अभियंते आहेत. छपाईयंत्र मिनिटाला ६०० ओळी छापू लागले की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. प्रोग्रॅम लिहायचा तो पंचकार्डांवर. एका कार्डावर ८० रकाने असत आणि शेवटच्या ८ रकान्यांत बहुधा कार्डाचा अनुक्रमांक टाकीत. गठ्ठा हातातून निसटला तर तो पुन्हा लावता यावा, म्हणून काही जण गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने एक तिरपी रेघही ओढून ठेवीत.

भाचा म्हणाला, “मामा, त्या लोकांना कार्डे दिल्यावर निकालासाठी तासन्‌तास थांबावे लागे. म्हणून ते आधी कागदावर पूर्ण विचार करीत. आम्हांला यंत्र क्षणात चूक दाखविते; त्यामुळे आम्ही आधी लिहितो आणि मग विचार करतो. अवजार वेगवान झाले की सवयी बिघडतात, हे मला फार उशिरा उमगले.”

बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला या परिसराचे आणखी एक ऋण मान्य करावे लागते. मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने बँक ऑफ अमेरिकासाठी ‘अर्मा’ हे हिशेबाचे यंत्र तयार केले आणि १९५५ साली ते लोकांसमोर मांडले. चेकवरील आकडे चुंबकीय शाईने छापून यंत्राकडून वाचून घेण्याची कल्पना त्याच कामातून पुढे आली. आपल्या चेकच्या तळाशी असलेले ते चमत्कारिक वळणाचे आकडे मूळचे येथले. तसेच सॅन होजे येथे आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांत मांडून त्यांची परस्परांशी सांगड घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारलेली एसक्यूएल ही भाषा आज बँकांपासून दुकानांच्या बिलांपर्यंत सर्वत्र वापरात आहे. भाच्याने नोकरीत शिकलेल्या बहुतेक गोष्टी पाच-सात वर्षांत मागे पडल्या. महाविद्यालयात शिकलेली एसक्यूएल अजून रोज उपयोगी पडते.

त्याच्या दुसऱ्या आवडत्या अवजाराचे नाव गिट. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी ते २००५ साली लिहिले. प्रोग्रॅममध्ये कोणी, केव्हा, कोणता बदल केला, याची नोंद त्यात राहते. जुना बदल रद्द करावयाचा असला तरी सामान्यतः तो खोडीत नाहीत. त्याच्या उलट नवी नोंद करतात. पेढीवरच्या वाचकांना हे सांगावयास नकोच. चोपडीत खाडाखोड करू नये, चूक झाल्यास उलट नोंद करून सही करावी, हा आपल्या मुनीमांचा जुनाच शिरस्ता आहे.

परिषदांविषयीचे त्याचे मतही ऐकण्यासारखे होते. या भागाला एकत्र जमण्याची परंपरा मोठी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांपुढे माऊस, पडद्यावरील लेखन आणि दूरच्या सहकाऱ्याशी एकत्र काम ही तिन्ही दीड तासात करून दाखविली. मार्च १९७५ मध्ये मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये हौशी मंडळींचा होमब्रू कॉम्प्युटर क्लब प्रथम भरला. स्टीव्ह वॉझनियॅक यांनी आपल्या पहिल्या ॲपल संगणकाचे आराखडे याच मंडळींत वाटले. भाचा पूर्वी वर्षाला चार-पाच परिषदांना जाई. आता एकाच जातो. भाषणे घरबसल्या पाहता येतात. चहाच्या वेळी दुसऱ्या कंपनीतील माणूस आपला कोणता प्रयोग फसला हे सांगतो. ते मात्र समोर बसल्याशिवाय कळत नाही. मला आपली पेठ आठवली. भाव फोनवरही मिळतो. पण कोणाची हुंडी परत गेली, हे पेठेत उभे राहिल्यावरच समजते.

परतताना त्याने मला मेन्लो पार्क येथील फेसबुकच्या आवाराबाहेरची पाटी दाखविली. पुढच्या बाजूला त्या कंपनीचे चिन्ह आहे. मागे जाऊन पाहिले तर जुन्या मालकाचे, सन मायक्रोसिस्टिम्सचे नाव तसेच ठेवलेले! १९९५ साली जावा ही भाषा याच कंपनीने आणली. २०१० साली ती ऑरॅकलने विकत घेतली. “मामा, माझ्या नोकरीची सुरुवात जावाने झाली. कंपनी गेली, भाषा राहिली, आणि उद्या भाषा गेली तरी हिशेब बरोबर आहे का हे पाहणारा माणूस लागेलच,” तो म्हणाला.

हे वाक्य धीराचे आहे, पण पुरेसे नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. बँकेत संगणक आल्यावर उभ्या बेरजा झरझर करणाऱ्यांचे कौतुक संपले. चुकीची नोंद नजरेने हेरणारा मात्र टिकला. परंतु ती नजर त्याला हजारो बेरजा करूनच आली होती. आता प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने नेमकी नवशिक्यांची लहान कामे करू लागली आहेत. मग नव्या मुलांची नजर तयार कशी व्हावी? भाच्याने आपल्या गटात एक नियम केला आहे. नव्या मुलाने यंत्राकडून लिहून घेतलेली प्रत्येक ओळ दुसऱ्याला समजावून सांगावयाची. सांगता आली नाही तर ती काढावयाची. काम मंदावते, वरिष्ठ कुरकुर करतात, तरीही तो हा नियम सोडीत नाही.

मुलांना या क्षेत्रात पाठविणाऱ्या पालकांनी ‘सध्या कोणत्या भाषेला मागणी आहे’ एवढेच विचारून थांबू नये. गणित, हिशेबाची शिस्त आणि दुसऱ्याचे लिहिलेले शांतपणे वाचण्याची सवय ही पुंजी कोणत्याही अवजाराबरोबर चालते. पेढीवर बसलेल्या मुलाला ती घरीच मिळू शकते.

त्या बाजूला जाण्याचा योग आल्यास संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. १४०१ ठराविक दिवशीच चालवून दाखवितात. तो वार आधी विचारून घ्यावा. शक्य झाल्यास मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे आणि त्यांनाच समजावून सांगावयास लावावे.