तरुण पिढी आणि धर्मश्रद्धा

“हल्लींच्या मुलांना देवधर्म राहिला नाहीं,” ही तक्रार आम्ही शिक्षक झाल्यापासून ऐकत आलों आहों. पालकसभेच्या दिवशीं ती हमखास कानांवर येते. उपासना संपल्यावर चर्चच्या दाराशीं येते आणि कळंबच्या एस. टी. थांब्यावरही येते. बोलणारा हिंदु असो, मुसलमान असो वा ख्रिस्ती असो, शब्द बहुधा तेच असतात. मुलगा सकाळीं उठतो तो मोबाइल हातांत घेऊनच. देवघरांत दिवा लागला तरी त्याची मान वर होत नाहीं. प्रार्थनेस बोलाविलें तर ‘अभ्यास आहे’ म्हणतो. या तक्रारींत तथ्य किती आणि नुसता त्रागा किती, याचा शांतपणें विचार व्हावा, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम आंकडे पाहूं. ज्या इंग्लंडांतून एके काळीं मिशनरी मंडळी आपल्या देशांत आली, त्या इंग्लंड व वेल्समध्यें २०११ च्या जनगणनेंत शेंकडा ५९ लोकांनीं आपणांस ख्रिस्ती म्हणविलें होतें. २०२१ मध्यें हें प्रमाण ४६ वर आलें आणि ‘आम्हांस कोणताच धर्म नाहीं’ असें सांगणारे शेंकडा ३७ निघाले. आपल्याकडे तसें घडलेलें नाहीं. २०११ च्या जनगणनेंत धर्म न सांगणारे लोक साऱ्या देशांत सुमारें २९ लाख, म्हणजे हजारांत दोन-तीनच होते. प्यू नांवाच्या अमेरिकन संशोधनसंस्थेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तर शेंकडा ९७ भारतीयांनीं ईश्वरावर विश्वास असल्याचें सांगितलें.

आंकडे बाजूस ठेवून आषाढाच्या तोंडीं आमच्याच भागांत दिसणारें दृश्य पाहावें. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं सुरू केलेला पालखीचा सोहळा बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास जातो. बेलवाडीच्या रिंगणास जमणाऱ्या गर्दींत तरुण कांहीं कमी नसतात. तेव्हां देव मानणारांची संख्या घटली, असें म्हणण्यास आधार नाहीं.

मग पालकांस जें दिसतें तें सारें खोटेंच काय? तसेंही नाहीं. गर्दी वाढली, परंतु घरांतील रोजचा नेम आटला. आमच्या लहानपणीं वीज गेली कीं वडील कंदील लावीत, बायबल उघडीत, आणि वाचन झाल्यावर आई रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें एखादें पद धरी. शेजारच्या वाड्यांत त्याच वेळीं हरिपाठ चाले. दोन्ही घरांतील मुलें कधीं कधीं पेंगत, हें खरें. पण दिवसाकाठीं अर्धा तास सारें घर एकत्र बसे. आज कंदिलाची गरज उरली नाहीं आणि तो अर्धा तासही उरला नाहीं. टिळकांचीं पदें चर्चमध्यें ऐकूं येतात, घरांत क्वचित्.

असें कां व्हावें? पुष्कळ जण विज्ञानशिक्षणाकडे बोट दाखवितात. आम्हांस तें पटत नाहीं. आमच्या कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९३४ च्या सुमारास साखर कारखाना उभारला आणि त्याभोंवतीं वालचंदनगर वसलें. तेथील यंत्रशाळेंत पुढें इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. त्याच इस्रोचे शास्त्रज्ञ उड्डाणापूर्वीं तिरुपतीस जाऊन येतात, हें सर्वांस ठाऊक आहे. यावरून त्यांची श्रद्धा बरोबर कीं चूक, हें ठरत नाहीं. पण विज्ञान शिकलें म्हणजे श्रद्धा उडतेच, हें मात्र खोटें ठरतें.

खरें कारण आम्हांस आमच्या वर्गांतच आढळलें. नववीच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘प्रार्थना कशासाठीं?’ हा विषय चालला होता. मागच्या बांकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आमचे नाना रोज तासभर पूजा करतात, आणि पाण्याची पाळी शेजाऱ्याची असली कीं रात्रीं जाऊन पाटाचें दारें आमच्या उंसाकडे फोडतात. मग ती पूजा कशासाठीं?” वर्गांत कोणी हंसलें नाहीं. थोड्या वेळानें एक ख्रिस्ती मुलगी उठली. “आमच्याकडे चर्चमध्यें सगळे एक म्हणतात,” ती म्हणाली, “आणि ताईची सोयरीक बघायला आले तेव्हां मूळची जात कोणती, हें आधीं विचारलें.”

नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांचा संसार चालतो, त्यांस पाळी चोरणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. आम्ही त्या दोघांस एवढेंच म्हणालों कीं तुमचा प्रश्न देवाविरुद्ध नाहीं. जुन्या करारांतील आमोस संदेष्ट्यानें यज्ञयाग करून गरिबांस नाडणारांस हाच जाब विचारला होता. तुकोबांनींही दांभिकांची गय केली नाहीं. मुलांची श्रद्धा पुस्तकांतल्या गुरुत्वाकर्षणानें जात नाहीं; वडीलधाऱ्यांचें बोलणें आणि वागणें यांतील अंतर मोजून ती जाते.

आणि शंका ही कांहीं आजच्या मोबाइलनें आणलेली वस्तु नव्हे. आमच्याच जिल्ह्यांत दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान व कडक धर्मनिष्ठ होते. सारें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईवडील अन्नावांचून गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. व्रतें केलीं, दानधर्म केला, उपासतापास केले, तरी कोणी धांवून आलें नाहीं, हें त्या सोळा वर्षांच्या मुलीनें पाहिलें आणि तिची वडिलोपार्जित श्रद्धा ढासळली. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु तेथील धर्मगुरूंचें प्रत्येक मत त्यांनीं मुकाट्यानें मानलें नाहीं. त्यांच्या पत्रांतून त्या वाद घालतात, अर्थ विचारतात, पटलें नाहीं तर तसें सांगतात. याच बाईनें १८९६-९७ च्या दुष्काळांत शेंकडों निराधार मुलींस आश्रय दिला आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचें मराठी भाषांतर करण्यांत आयुष्याचीं अखेरचीं वर्षें घालविलीं. शंकेनें त्यांस रिकामें केलें नाहीं, कामास लाविलें.

१८९५ हें एकच वर्ष घेतलें तरी हेंच दिसेल. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या वाटेनेंच ख्रिस्तापर्यंत पोंचलों, असें ते पुढें सांगत. त्याच वर्षीं जून महिन्यांत फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल गोपाळ गणेश आगरकर वारले, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं. आगरकर कोणत्याही धर्मग्रंथाचा शब्द प्रमाण मानीत नसत. ‘सुधारक’ पत्रांतील त्यांच्या लेखांनीं लोक इतके चिडले कीं त्यांच्या हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यांत आली. तरी मोठ्या पगाराची नोकरी न धरितां त्यांनीं दम्यानें जर्जर झालेल्या देहानें विद्यादान केलें. एक श्रद्धावान्, दुसरा अज्ञेयवादी. आम्ही ख्रिस्ती आहों आणि टिळकांच्या बाजूचे आहों, हें उघड आहे. परंतु आगरकरांसारख्या नकारापुढेंही आम्ही आदरानें उभे राहतों, कारण तो नकार विचारांतून आला होता व आचरणानें तोलला होता.

आजच्या पिढीविषयीं आम्हांस काळजी वाटते ती निराळीच. प्रश्न विचारणारा मुलगा आम्हांस भीति घालीत नाहीं. ज्यानें कधीं प्रश्नच विचारला नाहीं आणि ज्यास घरांत कधीं उत्तरही मिळालें नाहीं, तो मुलगा बारावी होऊन पुण्यास वसतिगृहांत जातो, तेव्हां त्याच्यापाशीं काय असतें? देवाचें नांव असतें, पण त्या नांवाचा अर्थ त्यास कोणी सांगितलेला नसतो. मग ज्याची घोषणा मोठी, त्याच्यामागें तो धांवतो. मिरवणुकींतल्या कर्ण्यापुढें नाचणें आणि मोबाइलवर परधर्मीयांस शिव्या देणें, यालाच तो धर्म समजतो. असा मुलगा जनगणनेंत श्रद्धावान् म्हणूनच मोजला जातो. नास्तिकाहूनही त्याच्याविषयीं आईबापांनीं अधिक चिंता करावी.

सुज्ञ पालकहो, मुलानें ‘कां?’ म्हणून विचारलें तर ‘उद्धट झालास’ म्हणूं नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा. ठाऊक नसेल तर ‘मलाही हें कळलेलें नाहीं, आपण मिळून शोधूं’ असें म्हणा. त्यानें तुमचा मान घटणार नाहीं. संध्याकाळचा तो अर्धा तास परत आणा. त्यांत वाचन असूं द्या, भजन असूं द्या, आणि थोडें बोलणेंही असूं द्या. मुख्य म्हणजे, शेजाऱ्याची पाळी शेजाऱ्यास मिळूं द्या. तो उपदेश मुलें विसरणार नाहींत.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हांसही एक सांगणें आहे. प्रश्न विचारणें सोपें, त्याच्या मागें जाणें कठीण. रमाबाईंनीं उत्तरासाठीं भाषा शिकल्या, आगरकरांनीं पोटास चिमटा घेतला. तुम्ही नुसता प्रश्न टाकून पुन्हां मोबाइलकडे वळाल, तर ती शंका नव्हे, आळस होय. आधीं स्वतःच्या धर्माचा ग्रंथ स्वतः वाचा, दुसऱ्याच्या धर्माचें चांगलें काय तें त्या धर्माच्या चांगल्या माणसाकडून ऐका, मग हवें तितकें भांडा. आमच्या वर्गाचें दार त्यासाठीं उघडें आहे. मधल्या सुटींतही आलांत तरी चालेल.