खोट्या जखमा

खोटं रक्त करणं हा या उद्योगातला सगळ्यात सोपा भाग. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि निळ्या रंगाचा एखादा थेंब. नुसता लाल रंग घातला तर ते रक्त वाटत नाही, बर्फाच्या गोळ्यावरचं सरबत वाटतं. गणपतीतल्या नाटकांना आम्ही कुंकू खोबरेल तेलात कालवायचो. ते दिसायचंही कुंकवासारखंच, आणि शर्टावरचा डाग पुढच्या गणपतीपर्यंत टिकायचा. (बाजारच्या कुंकवात हल्ली काय काय असतं ते बघता डोळ्यांजवळ, तोंडाजवळ ते लावूच नये.) हिचकॉकने 'सायको'मध्ये (१९६०) चक्क चॉकलेट सिरप वापरलं होतं. सिनेमा कृष्णधवल, चालून गेलं.

जखम करायला मात्र मजा येते. जिलेटिनची पूड, ग्लिसरीन आणि थोडं पाणी वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवायची. विरघळलं की कोमट होऊ द्यायचं, आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचं (नाहीतर खोटी जखम करता करता खरी व्हायची!), मग हातावर पसरून घट्ट व्हायच्या आत चमच्याच्या दांड्याने मधोमध चीर पाडायची. आत गडद रंग, कडेला फिकट. खरचटलेलं दाखवायला भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवून हलकेच टिपायचा. मुक्या माराचं तंत्र वेगळं, त्याला वय असतं. आधी लालसर, मग जांभळानिळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, शेवटी पिवळा. आत साकळलेलं रक्त मोडत जातं तसे हे रंग येतात. सगळे एकदम थापले की झाली रंगपंचमी.

डिक स्मिथ नावाचा अमेरिकन रंगभूषाकार होता, 'गॉडफादर' आणि 'एक्झॉर्सिस्ट'वाला. हा माणूस घराच्या तळघरात बसून काम करायचा. १९६५ साली त्याने पोरांसाठी घरच्या घरी राक्षस बनायचं एक पुस्तकही काढलं. आपली विद्या लपवून न ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. असो.

नाटकं केव्हाच सुटली. आता माझ्या जखमा प्रथमोपचाराच्या वर्गांना जातात. कुणाला कापलंय, कुणाला भाजलंय, कुणाचं हाड बाहेर आलंय (कोंबडीचं असतं, उकळून वाळवलेलं) असे खोटे जखमी जमिनीवर पडतात आणि शिकणारे येऊन त्यांना तपासतात. या प्रकाराला मुलाज म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ साच्यातून काढणं. पॅरिसच्या एका इस्पितळात एकोणिसाव्या शतकात त्वचारोगांचे मेणाचे नमुने करायचे, तिथेही हाच शब्द. ते करणारा बारेता नावाचा कारागीर मुळात कागदाच्या लगद्याची फळं बनवायचा!

आता खरं सांगायचं ते. माझा सगळ्यात जास्त वेळ ज्याच्यावर जातो त्या जखमीच्या अंगावर रक्ताचा एक थेंबही नसतो.

१९९६ साली सांगलीला बाबांच्या स्कूटरची दुसऱ्या स्कूटरशी धडक झाली. समोरच्याचं कपाळ फुटलं होतं, नुसतं रक्ताने माखलेलं. लोकांनी त्याला रिक्षात घातलं. बाबांना खरचटलंही नव्हतं, हँडल फक्त पोटात बसलं होतं. लोकांनी त्यांना उठवलं, कपडे झटकून दिले, दुकानाच्या पायरीवर बसवलं. दुकानदार नंतर मला म्हणाला, "ताई, सारखं पाणी मागत होते. घामाने भिजलेले. आम्हाला वाटलं, घाबरलेत." त्याने पाणी दिलं, चहा दिला. बाबांची प्लीहा फाटली होती. संध्याकाळी ते गेले.

कपाळ फुटलेला तो माणूस चार टाके घालून घरी गेला. कपाळाची कातडी अशी की जरा फुटली तरी भळाभळा वाहते. पायरीवरच्या कुणाचंच काही चुकलं नाही. समोर रक्त होतं, आपण सगळेच रक्ताकडे धावतो.

तर हा रक्त नसलेला जखमी रंगवायचा कसा? आत रक्त वाहत असलं की शरीर कातडीकडचं रक्त काढून घेतं आणि हृदयाला, मेंदूला पुरवतं. म्हणून माणूस फिका आणि गार पडतो. इंग्रजी पुस्तकांत चेहरा पांढरा करा असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या चेहऱ्यावर पांढरा रंग लावला तर माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. आपली कातडी पांढरी पडत नाही, राखाडी पडते. विझलेल्या गोवरीसारखी. म्हणून मी आधी अंगच्या रंगाचा थर देते, त्यात किंचित राखाडी-निळा मिसळते, आणि ओठांवरची लाली काढून टाकते. नखांवर तसाच फिका हात. कपाळावर, ओठाच्या वर ग्लिसरीन आणि पाण्याचे बारीक थेंब उडवते, ते ओघळत नाहीत. मग त्याला एवढंच सांगते, की ओरडायचं नाही, अस्वस्थ व्हायचं आणि सारखं पाणी मागायचं. (पाणी द्यायचं नसतं. आडवं झोपवायचं, पांघरूण घालायचं आणि १०८ ला फोन.)

हे काम कुणालाच नको असतं. पोरांना कोंबडीचं हाड हवं असतं, फोटो काढायला. मागच्या वर्गात बावीस जण होते. अठरा जण थेट हाडवाल्याकडे गेले, तो बोंबलतही झकास होता. शिकवणारे डॉक्टर दर वेळी सांगतात, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, गप्प असलेल्याकडे आधी जा. तरीही. उरलेल्या चौघांतल्या एका बाईने भिंतीशी बसलेल्या माझ्या राखाडी पोराच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत अर्थातच छान गुलाबी होतं. तिथे मला रंग लावता येत नाही. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "इथे काय समजायचं?"

"पांढरं," मी म्हटलं.

तिने तिथेच बसकण मारली आणि त्याची नाडी मोजायला लागली.

पुढचा वर्ग रविवारी. नऊ जखमी आहेत, आणि घरातलं जिलेटिन संपलंय.