‘नॉर्मल’ या शब्दाचा घोटाळा

ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून पुण्याकडे येताना आमच्या विश्रांतवाडीतून जाते. त्या दिवशी रस्त्यावर वारकऱ्यांना पाणी देणारे एक सत्तरीतील गृहस्थ माझे जुने रुग्ण. त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग आहे. इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू झाली आणि काही आठवड्यांत पांढऱ्या पेशींचा आकडा ताळ्यावर आला. सीबीसीचा कागद पाहून मी म्हणालो, “छान, सगळे नॉर्मल आहे.” पुढेही दर वेळी हेच म्हणत राहिलो.

गोळीने त्यांना मळमळे, सकाळी डोळ्यांभोवती सूज येई. ‘नॉर्मल’ म्हणजे आपण बरे झालो, असे समजून गेल्या वर्षी पालखीच्या सुमारास त्यांनी गोळी बंद केली. घरात कोणाला सांगितले नाही. मीही विचारले नाही. दिवाळीच्या आधी सूनबाई नवे कागद घेऊन आल्या. सीबीसी तेव्हाही ठीकच होती. बीसीआर-एबीएल मात्र ०.०८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले होते.

या दोन तपासण्यांतील फरक मी त्यांना पहिल्याच दिवशी समजावायला हवा होता. सीबीसी पेशी मोजते. पण पेशींच्या आत औषध किती परिणाम करते आहे, हे ती सांगत नाही. या आजारात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. त्यातून बीसीआर-एबीएल हे सदोष जनुक तयार होते आणि ते पेशींना सतत वाढण्याचा हुकूम देत राहते. इमॅटिनिब तो हुकूम अडवते. पीसीआर तपासणीत हातातून घेतलेल्या साध्या रक्तातील पेशींमधून आरएनए काढतात आणि या जनुकाच्या खुणा किती उरल्या ते टक्क्यांत मोजतात. तीन महिन्यांनी १० टक्के, सहा महिन्यांनी १ टक्का आणि वर्षाने ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, अशी साधारण अपेक्षा असते. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासावे, नाहीतर आकड्यांची तुलना फसते.

एकेकाळी ही गोळी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने तिच्या पेटंटला विरोध केला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले. आज स्वस्त भारतीय गोळी मिळते. काही रुग्णांची गोळी थांबवताही येते. परंतु कित्येक वर्षे आकडा अगदी खोल राहिल्यावर, रक्तविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. क्षयाचे रिफॅम्पिसिन किंवा फिटचे फेनिटॉइन सुरू होणार असेल, तर ही गोळी चालू असल्याचे त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांच्यामुळे तिचा प्रभाव घटतो.

आजोबांची गोळी पुन्हा सुरू झाली, आता जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर. मळमळ बरीच कमी आहे. तीन महिन्यांनी आकडा ०.९ आला. सूनबाई रिकाम्या स्ट्रिप्स बिस्किटांच्या डब्यात साठवतात आणि दर भेटीला तो डबा माझ्या टेबलावर उपडा करतात. मी मोजतो. आजोबा रुसून खिडकीबाहेर पाहत बसतात.