शिकल्यासवरल्या राष्ट्राची अधोगति

विद्येनें मनुष्याची उन्नति होते, हें आपण सर्वजण बाळपणापासून ऐकत आलों आहों. शाळेच्या फळ्यावरील सुविचारांत तें लिहिलेलें असतें, बक्षीससमारंभाच्या भाषणांत पाहुणे तेंच सांगतात, आणि आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांची फी भरतात तेही याच विश्वासावर. हा विश्वास खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु इतिहास शिकवितांना दरवर्षीं एक प्रकरण असें येतें कीं, तेथें आमची वाणी अडखळते. तें प्रकरण म्हणजे पहिल्या महायुद्धांत पराभूत झालेल्या जर्मनीचें.

गेल्या वर्षीं हें प्रकरण चालू असतां मागील बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "सर, त्या देशांत शाळा नव्हत्या काय?" वर्गांत हंशा पिकला. आम्हांसही हसूं आलें. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. शाळा तर होत्याच. मुलांस सक्तीनें शाळेंत घालण्याचा नियम त्या देशांतील प्रशियानें अठराव्या शतकांतच केला होता. गटे व शिलर यांचें काव्य, बाख व बीथोव्हेन यांचें संगीत, कांटचें तत्त्वज्ञान हें सारें त्याच भूमींतलें. आपला ऋग्वेद संपादून छापणारे मॅक्स म्यूलर जन्मले व शिकले तेही तेथेंच. अशा देशांत हें कसें घडलें, याचा विचार आम्ही तेव्हांपासून करीत आहों. त्यांतून जें हातीं लागलें तें या पानांत मांडतों.

चार वर्षें चाललेल्या युद्धाच्या अखेरीस, 9 नोव्हेंबर 1918 रोजीं, कैसर दुसरा विल्हेल्म याच्या राज्यत्यागाची घोषणा झाली आणि दोन दिवसांनीं तोफा थांबल्या. सैन्य आतां तग धरीत नाहीं, तहाचीं बोलणीं लावा, अशी निकड सप्टेंबरच्या शेवटीं खुद्द सेनापति लूडेनडॉर्फ यानेंच लाविली होती. परंतु कागदावर सही करण्याचें दुर्भाग्य मात्र नव्या लोकसत्ताक सरकारच्या वांट्यास आलें. पुढें याच सेनानींनीं व त्यांच्या चाहत्यांनीं उलट हांकाटी केली कीं, सैन्य रणांत हरलेंच नव्हतें. घरच्या फितुरांनीं, समाजवाद्यांनीं आणि यहुदी लोकांनीं त्याच्या पाठींत सुरा खुपसला. आपली हार कबूल करणें कोणासही जड जातें, आणि ती दुसऱ्याच्या माथीं मारतां येते असें कोणीं सांगितलें तर तें कानाला गोड लागतें. पुढच्या साऱ्या अनर्थाचें बीज या एका असत्यांत होतें, असें आम्हांस वाटतें.

त्यांत 28 जून 1919 रोजीं व्हर्साय येथें झालेल्या तहानें जखमेवर मीठ चोळलें. युद्धाच्या हानीची जबाबदारी जर्मनी व त्याचे साथीदार यांच्यावर ठेवण्यांत आली, सैन्य एक लक्षाच्या आंत ठेवण्याची अट घातली गेली, आणि 1921 सालीं नुकसानभरपाईचा आंकडा 132 अब्ज सुवर्ण मार्क ठरला. 1923 सालीं तर चलनच कोसळलें. त्या नोव्हेंबरांत एका अमेरिकन डॉलरास 4 लक्ष 20 हजार कोटी मार्क मोजावे लागत. जन्मभर काटकसर करून म्हातारपणासाठीं ठेवलेली पुंजी एका पावाच्या किंमतीचीही उरली नाहीं.

त्याच महिन्यांत म्यूनिक शहरीं ॲडॉल्फ हिटलर नांवाच्या, युद्धांत साधी शिपाईगिरी केलेल्या एका पुढाऱ्यानें बंड केलें. तें फसलें. न्यायासनानें त्यास पांच वर्षांची शिक्षा दिली. पण ती सुनावल्यापासून वर्ष भरण्याच्या आंतच तो सुटून बाहेर आला. 1928 सालच्या निवडणुकींत त्याच्या नाझी पक्षाला अवघ्या 12 जागा मिळाल्या, तेव्हां शहाणींसुरतीं माणसें त्यास हसत होतीं. पुढच्याच वर्षीं जगभर मंदी आली. कारखाने बंद पडले. 1932 च्या आरंभीं त्या देशांत 60 लक्ष माणसें बेकार होतीं. पोटांत भूक आणि मनांत अपमान असा मनुष्य कोणाचेंही ऐकावयास तयार होतो. 1930 सालीं त्या 12 जागांच्या 107 झाल्या, आणि जुलै 1932 मध्यें 230.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मोकळ्या निवडणुकींत निम्मीं मतें त्या पक्षास कधींच मिळालीं नाहींत. नोव्हेंबर 1932 मध्यें तर त्याच्या जागा घटून 196 वर आल्या. सत्तेचें दार त्याला उघडून दिलें तें प्रतिष्ठित मंडळींनीं. 30 जानेवारी 1933 रोजीं वृद्ध अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनीं हिटलरला चॅन्सेलर म्हणजे मुख्य प्रधान नेमलें. मंत्रिमंडळांत नाझी तिघेच होते. बाकीचे घरंदाज मंत्री आणि त्यांचे म्होरके फॉन पापेन यांची अशी समजूत कीं, या मनुष्याच्या मागचा जमाव आपण वापरूं आणि त्याला मुठींत ठेवूं. त्यांनीं आपल्या हातांनीं अस्तनींत निखारा घेतला.

त्यानंतर सहा महिनेही लागले नाहींत. 27 फेब्रुवारीस विधिमंडळाच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशीं निघालेल्या वटहुकुमानें बोलण्याचें, छापण्याचें, सभा भरविण्याचें स्वातंत्र्य काढून घेतलें. मार्च महिन्यांत डाखाउ येथें छळछावणी उघडली. 23 मार्च रोजीं विधिमंडळानें कायदे करण्याचा आपला अधिकार 444 विरुद्ध 94 मतांनीं सरकारच्या स्वाधीन केला. साम्यवादी प्रतिनिधींस सभागृहांत पाऊल ठेवूं दिलें नव्हतें, आणि आंतबाहेर नाझी स्वयंसेवकांचा गराडा होता. अशा वेळीं समाजवादी पुढारी ओटो वेल्स यांनीं उभें राहून विरोधाचें भाषण केलें, हें आवर्जून सांगितलें पाहिजे. 14 जुलैस दुसरा कोणताही पक्ष काढणें हा गुन्हा ठरला. प्रत्येक पायरीवर कायद्याचा शिक्का होता, आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून थोडीशीच खालीं होती. म्हणून उतरणारांस आपण कोठें चाललों हें उमगलें नाहीं. ज्यांस उमगलें त्यांतील बहुतेक भयानें वा स्वार्थानें गप्प राहिले. ख्रिस्ती धर्मपीठांतीलही पुष्कळांनीं मान लवविली.

आतां शाळांकडे वळूं. 7 एप्रिल 1933 च्या कायद्यानें यहुदी आणि विरुद्ध मताचे शिक्षक व प्राध्यापक सरकारी नोकरींतून काढण्यास आरंभ झाला. 10 मे च्या रात्रीं बर्लिन व इतर विद्यापीठांच्या शहरीं पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. कवि हायने, मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड, कादंबरीकार रेमार्क यांचे ग्रंथ त्यांत गेले. आणि ते आगींत टाकणारे हात विद्यार्थ्यांचे होते. वर्ग सुरू होतांना हिटलरच्या नांवानें सलामी देण्याचा प्रघात पडला. 'हिटलर युवक' संघटनेंत सर्व मुलांना आणण्याचा कायदा 1936 सालीं झाला आणि 1939 सालीं त्यांत सक्ति आली.

परंतु आमच्या मनाला सर्वांत चटका लावणारी गोष्ट गणिताच्या पुस्तकांतील आहे. त्या काळच्या कांहीं अंकगणितांत अशीं उदाहरणें असत: वेड्यांचें इस्पितळ बांधण्यास अमुक मार्क लागले, तितक्याच पैशांत कामकऱ्यांसाठीं किती घरें झालीं असतीं? एका अपंगास पोसण्याचा रोजचा खर्च इतका, तर एका कुटुंबाच्या खर्चाशीं त्याचें प्रमाण काय? मुलें पाटीवर भागाकार करीत आणि उत्तराखालीं दोन रेघा ओढीत. पुढें 1939 पासून ऑगस्ट 1941 पर्यंत सरकारी योजनेखालीं 70 हजारांहून अधिक वेडे, अपंग आणि असाध्य रोगी विषारी वायूनें मारण्यांत आले. कोणास मारावें हें डॉक्टरांनीं कागदावर खुणा करून ठरविलें.

शाळा नव्हत्या काय, या प्रश्नाचें आमचें उत्तर हेंच आहे. शाळा होत्या, हें शिकविलें गेलें तें शाळांतूनच. आंकडेमोड अचूक होती आणि उत्तरही बरोबर येत असे. चुकीचा होता तो प्रश्न. प्रश्नच चुकीचा आहे असें सांगण्यास हात वर करणें मात्र फार थोड्यांस साधलें. ज्यांस साधलें त्यांत म्यून्स्टरचे बिशप फॉन गालेन हे होते. ऑगस्ट 1941 मध्यें त्यांनीं व्यासपीठावरून या हत्यांचा उघड निषेध केला, आणि त्याच महिन्यांत हिटलरनें ती योजना थांबविण्याचा हुकूम सोडला. गुप्तपणें हत्या पुढेंही चालू राहिल्या. तरी एका धीट वाणीचा परिणाम होतो, एवढें त्यावरून दिसलें.

यहुद्यांच्या बाबतींतही असेंच पायरीपायरीनें झालें. 1933 सालीं ते त्या देशाच्या लोकसंख्येंत शेंकडा एकाहूनही कमी होते. आरंभीं त्यांच्या दुकानांवर बहिष्कार, मग नोकऱ्यांतून हकालपट्टी, मग 1935 सालच्या न्यूरेंबर्ग कायद्यांनीं नागरिकत्वच रद्द. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्रीं त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळलीं, दुकानें फोडलीं, आणि सुमारें 30 हजार पुरुषांस धरून छावण्यांत कोंडलें. त्यानंतर आठवड्याच्या आंतच उरल्यासुरल्या यहुदी मुलांस सरकारी शाळांतून घालविण्यांत आलें. त्या सकाळीं वर्गांत किती बाक रिकामे झाले असतील, आणि शेजारच्या मुलांनीं काय मनांत आणलें असेल, हा विचार आम्हांस सोडीत नाहीं.

1 सप्टेंबर 1939 रोजीं पोलंडवर स्वारी झाली आणि दुसरें महायुद्ध पेटलें. 20 जानेवारी 1942 रोजीं बर्लिनजवळ वान्झे येथील एका बंगल्यांत पंधरा अधिकारी जमले. युरोपांतील यहुद्यांचा संहार सुरू झालाच होता. तो सर्व खात्यांच्या सहकार्यानें कसा पार पाडावा, याची चर्चा त्यांनीं सुमारें दीड तासांत संपविली. त्या पंधरांपैकीं आठ जण डॉक्टरेट ही उच्च पदवी घेतलेले होते. युद्ध संपेपर्यंत सुमारें 60 लक्ष यहुद्यांची हत्या झाली होती, आणि त्यांत सुमारें 15 लक्ष मुलें होतीं. ऑशविट्झ या एकाच ठिकाणीं सुमारें 11 लक्ष जीव गेले. लक्षावधि पोलिश नागरिक, रशियन युद्धकैदी आणि रोमा लोक मारले गेले ते वेगळेच.

इतके मोठे आंकडे ऐकून मन बधिर होतें. म्हणून एकाच शिक्षकाची हकीकत सांगतों. वॉर्सा शहरीं यानुश कोर्चाक नांवाचे यहुदी डॉक्टर व लेखक अनाथ मुलांचें वसतिगृह चालवीत. नाझींनीं यहुद्यांस कोंडलेल्या वस्तींत तें वसतिगृहही आलें. 18 जुलै 1942 रोजीं तेथील मुलांनीं रवींद्रनाथ ठाकुरांचें 'डाकघर' हें नाटक केलें. आजारी अमल खिडकींत बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, त्याचें तें नाटक. आमच्या विद्यार्थिदशेंत शाळेच्या स्नेहसंमेलनांत आम्हीही तें केलें होतें. अमलची खिडकी पुठ्ठ्याची होती, आणि पडदा पडल्यावर आमच्या अमलला त्याची आई हात धरून घरीं घेऊन गेली. वॉर्साच्या मुलांस मात्र ऑगस्टच्या आरंभीं आगगाडीनें ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणींत नेण्यांत आलें. तीं सुमारें 200 होतीं. कोर्चाक यांना स्वतःचा जीव वांचविण्याची संधि देऊं करण्यांत आली होती. त्यांनीं ती नाकारली आणि ते मुलांबरोबर गेले. त्यांतील कोणीही परत आलें नाहीं.

दुसरी हकीकत दोन विद्यार्थ्यांची. म्यूनिक विद्यापीठांतील हान्स शोल आणि त्याची बहीण सोफी हीं दोघेंही लहानपणीं हिटलरच्या युवकसंघटनांत उत्साहानें सामील झालेलीं होतीं. मोठेपणीं त्यांनीं डोळे उघडून पाहिलें, आणि मित्रांसह 'पांढरा गुलाब' या नांवानें राजवटीविरुद्ध पत्रकें काढलीं. 18 फेब्रुवारी 1943 रोजीं विद्यापीठांत पत्रकें ठेवतांना तेथील एका नोकरानें त्यांस पकडून दिलें. चारच दिवसांनीं दोघांचा व त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट याचा शिरच्छेद झाला. हान्स 24 वर्षांचा होता, सोफी 21 वर्षांची. हीं मुलेंही त्याच देशांतल्या शाळांत शिकलेलीं, हें विसरून चालणार नाहीं.

30 एप्रिल 1945 रोजीं हिटलरनें आत्महत्या केली, आणि मे महिन्यांत जर्मनीनें शरणागति पत्करली. न्यूरेंबर्ग येथें प्रमुख अपराध्यांवर खटला चालून 1946 सालीं बारा जणांस देहान्ताची शिक्षा ठोठावण्यांत आली. अनेक आरोपींनीं सबब सांगितली कीं, आम्ही हुकूम पाळला. न्यायासनानें ती दोषमुक्तीस पुरेशी मानली नाहीं.

आमच्या विद्यार्थिमित्रांस यावरून इतकेंच सांगावेंसें वाटतें. रांगेंत उभें राहावें, घंटेबरोबर वर्गांत यावें, गुरुजनांचें ऐकावें. शिस्तीवांचून शाळा चालत नाहीं. पण आपल्या साऱ्या दुःखांचें कारण अमुक एक जातीचे वा धर्माचे लोक आहेत, असें कोणीं सांगूं लागला, मग तो कितीही मोठा वक्ता असो, तर "याला पुरावा काय?" असें विचारण्यास तुमची जीभ अडखळूं नये. वर्गांतील एखाद्या मुलाला सर्वांनीं मिळून चिडविण्याचें ठरविलें असतां त्याच्या शेजारीं जाऊन बसण्याचें धैर्य तुमच्या अंगीं यावें. मोठेपणीं लागणाऱ्या धैर्याची तालीम याच वयांत होते.

पालकांसही एक विनंति आहे. मूल घरीं आलें म्हणजे "किती गुण मिळाले?" असें आपण विचारतों, तें अवश्य विचारावें. त्याबरोबर कधीं कधीं "आज कोणाला एकटें तर पाडलें नाहीं ना?" असेंही विचारीत जावें. पहिल्या प्रश्नानें मूल हुशार होईल. दुसऱ्यानें तें माणूस होईल, आणि त्याच्या हुशारीचें भय कोणास वाटणार नाहीं.