बडोद्याची शिष्यवृत्ती आणि एक खोली

१८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले होते, राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली होती आणि घराण्याच्या दूरदूरच्या शाखांत मुलांचा शोध चालू होता. कवळाण्याची शाखा शेतकऱ्यांची. नजर दुसऱ्या एखाद्या मुलावर ठरली असती, तर गोपाळराव त्या रखरखीत मुलखात बाजरी पिकवत म्हातारे झाले असते. पण नजर त्यांच्यावर ठरली आणि ते सयाजीराव गायकवाड झाले. नऊ वर्षांनी, १८८४ साली, कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंत कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला.

मराठी मुलखात शिक्षणासाठी ज्यांनी तिजोरी उघडली, त्यांत हे दोन राजे पहिल्या रांगेत येतात, आणि दोघेही जन्माने त्या गादीचे वारस नव्हते. यावरून मोठा सिद्धान्त काढायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. दत्तक राजे हिंदुस्थानात ढिगाने होते. बहुतेकांनी मिळालेले भाग्य हत्ती, घोडे, शिकार आणि विलायतेच्या वाऱ्या यांत घालवले. (शाहूंनाही शिकारीचा आणि कुस्तीचा षोक होताच, तेव्हा षोकाचा आणि कंजूषपणाचा संबंध जोडण्यातही अर्थ नाही.) एवढे मात्र खरे की आपल्या हातातला पैसा आपल्या कर्तृत्वाचा आहे असे मानायला या दोघांना फारशी जागा नव्हती. तो रयतेच्या शेतसाऱ्यातून आलेला होता आणि त्यांच्याकडे निवडीच्या एका घडीत आलेला होता. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. शाहूंनी १९१७ मध्ये तीच वाट धरली. रयतेचा पैसा रयतेच्या पोरांकडे वळवणे, एवढाच तो हिशेब. त्याला औदार्य म्हणायचे की वसुलीची परतफेड, हे ज्याने त्याने ठरवावे.

सयाजीरावांच्या देण्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव भीमराव आंबेडकरांचे. शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन कॉलेजात असताना भीमरावांना दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड. अट अशी की परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. अट वावगी म्हणता येणार नाही. संस्थानलाही शिकलेली माणसे हवी होती आणि देणाऱ्याने काही मागितले तर घेणाऱ्याची मान उलट जरा ताठ राहते. कोलंबिया विद्यापीठातली ती वर्षे पुढे हिंदुस्थानच्या फार कामी आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्यावर गोष्ट संपवली की ती छान वाटते. आपल्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांत ती तिथेच संपवतातही.

पण १९१७ साली करार पाळायला हा तरुण बडोद्यात उतरला तेव्हा त्याला राहायला खोली मिळाली नाही.

आंबेडकरांनी पुढे लिहिलेल्या आठवणीत हा सगळा प्रसंग सविस्तर आहे, आणि तो दात्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. हिंदू खानावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी वसतिगृहाच्या रखवालदाराला पैशाची निकड होती. रोजच्या दीड रुपयावर आणि पारशी नाव सांगण्याच्या अटीवर त्याने वरच्या मजल्यावरची खोली दिली. बाजूच्या दिवाणखान्यात मोडक्या खुर्च्या आणि फळ्या रचलेल्या, उजेडाला एक कंदील आणि सोबतीला वटवाघळे. कचेरीत शिपाई विटाळ होऊ नये म्हणून फायली दुरून टाकत, असे चरित्रकार सांगतात. अकराव्या दिवशी सकाळी आंबेडकर ग्रंथालयाची पुस्तके परत करायला निघाले, तोच दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिन्याने वर आले. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची, नाहीतर परिणामाला तयार राहा, असा त्यांचा हुकूम होता.

राजाची शिष्यवृत्ती, न्यूयॉर्कची पदवी, संस्थानची नोकरी असे सगळे होते. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्जही केलेला होता, पण त्याचा निर्णय लांबणीवर पडत होता. राजाने आपल्या परीने दिले, पण त्याच्या राज्याने ते पोचू दिले नाही.

या प्रसंगातली खरी गोष्ट मात्र राजाची नाही, ती दोन मित्रांची आहे. काठीवाल्यांनी मुदत दिल्यावर आंबेडकर बडोद्यातल्या दोन ओळखीच्या माणसांकडे गेले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांशी चांगली मैत्री होती. हिंदू मित्राने अडचण सांगितली की तुम्ही घरी राहिलात तर माझे नोकर काम सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. आणि बायकोची सोवळ्याओवळ्याची बाजू आंबेडकरांना ठाऊक होती. दोघांनीही वाईट शब्द काढला नाही. दोघांनाही वाईट वाटले असेल. आंबेडकर पाच तास कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला निघून गेले.

गरजूंना मदत करण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न निघाला की बोटे नेहमी वर जातात: राजाकडे, शेठजीकडे, सरकारकडे, अंबानींकडे. बडोद्याचे ते दोन मित्र राजे किंवा शेठजी नव्हते. पण त्या दिवशी बडोद्यात त्यांच्यासारखे भाग्यवान तेच होते, कारण त्यांच्याकडे एक दार होते आणि ते कुणाला उघडायचे हे त्यांच्या हातात होते. त्यांना एक पै खर्च करायची नव्हती. फार तर नोकर गेला असता, घरात चार दिवस अबोला राहिला असता. पैसे देणाऱ्याला पैसे द्यावे लागतात. यांना आपली पत पणाला लावावी लागणार होती, आणि ती त्यांना महाग वाटली. आजही पुण्यात किंवा मुंबईत भाड्याची खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आधी आडनाव विचारतात, मग खाणेपिणे विचारतात, आणि त्यानंतर खोली नुकतीच गेल्याचे सांगतात. ज्यांची खोली असते त्यांतले बरेच जण देणगीच्या पावत्या नीट फाइल करून ठेवणारे असतात. त्यात ढोंग असेलच असे नाही. देणगी आणि दार या दोन गोष्टी त्यांच्या मनात शेजारीशेजारी कधी आलेल्याच नसतात.

जुन्या पुण्याने दार उघडले नव्हते असेही नाही. वार लावून जेवणाऱ्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या या शहराने पोसल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवडाभर पान मांडले जाई. एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी उपास. त्यातून न्यायाधीश निघाले, डॉक्टर निघाले, प्राध्यापक निघाले. त्या घरांतल्या बायकांनी स्वतःच्या संसारातले काढून वाढले, हे विसरणे कृतघ्नपणा होईल. पण ही माया सहसा जातीच्या उंबऱ्याबाहेर गेली नाही. शिवाय जेवणाऱ्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागे: पानावर बसताना वाढणारीचा चेहरा वाचायचा, दुसऱ्यांदा भात मागावा की नाही याचा अंदाज घ्यायचा, घरची किरकोळ कामे हसतमुखाने करायची. दात्याला न दिसणारी ही वसुली घेणाऱ्याच्या अंगात जन्मभर राहते.

शाहूंनी कोल्हापुरात यावर जो उपाय काढला, तो व्यवहारी राजाचा होता. मुलगा कुणाच्या पानावर नको, स्वतःच्या वसतिगृहात हवा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहत गेली: जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार बोर्डिंग काढून राजाने जात पक्की केली, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. पण सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसायला तयार होईपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर एक पिढी अंगणातच राहिली असती.

पंक्तीचे काम पुढे त्याच बोर्डिंगांतल्या एका मुलाने केले. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. मदत घेणाऱ्याने मदतीची अट मोडली, एवढाच त्याचा अर्थ. ४ ऑक्टोबर १९१९ ला सातारा जिल्ह्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील जुन्या वळणात वाढलेल्या. त्यांच्या घरात महार-मांगांची मुले जेवायला आली, आणि त्यांनी ती आपली मानली. मुलांच्या धान्यासाठी दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. त्यांच्याबद्दल बोलताना मंगळसूत्रावर गहिवरायची रीत आहे. पण सोने एकदा मोडले की ती गोष्ट संपते. रोज सकाळी चुलीपुढे बसणे, सोवळे सोडणे, आजारी पोराची उशापायथ्याची सोबत करणे, हे वर्षानुवर्षे चालले, आणि बडोद्याच्या त्या दोन घरांत नेमके हेच झाले नव्हते.

भाऊरावांनी मदत मागितली ती राजाकडे आणि शेठजींकडे, तशीच गरिबांकडेही. घरच्या बाईने रोज दळणातून एक मूठ धान्य बाजूला काढायचे, ते गावागावांतून गोळा व्हायचे, बोर्डिंगात पोचायचे. या मुष्टिफंडाने एक गंमत केली. ज्या घरातला मुलगा बोर्डिंगात शिकत होता तेही घर देणाऱ्यांत आले. आणि बोर्डिंगातला मुलगाही फुकटचा राहिला नाही. शेतात राबायचे, खडी फोडायची आणि शिकायचे. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या योजनांना लागलेले दिसतात, ते या खडीतून आले. रयतच्या आता सातशेहून अधिक शाखा आहेत.

नावासाठी देणाऱ्यांना हसायची आपल्याला सवय आहे. ती फारशी बरी नाही. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले, विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव लागले, आणि नाथीबाईंच्या नावाने आजवर लाखो मुली शिकल्या. पाटी दगडाची असली तरी आतले वर्ग खरे असतात. चीड यावी ती दुसऱ्या प्रकाराची: जून महिन्यातल्या वह्यावाटपाची. एका वहीला सहा हात लागलेले, सहाही चेहरे कॅमेऱ्याकडे, आणि मधे आठ वर्षांचे एक पोर, वही आपल्याला नक्की मिळाली आहे की अजून फोटो बाकी आहे हे न कळून उभे. त्या पोराने त्या वहीची किंमत तिथल्या तिथे रोख चुकवलेली असते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. भाग्यवानांची जबाबदारी कायद्याच्या कलमात आली, टक्क्यांत आली, वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत कागदावर आली. त्यातून शाळांना छप्परे मिळाली, रुग्णालयांना यंत्रे मिळाली, हे नाकारू नये. पण दार उघडण्याचे कलम कुठल्या कायद्यात बसत नाही.

परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाच्या आसपास हे रोज दिसते. बुलढाण्याहून, नांदेडहून माणसे येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा मोठा खर्च निघतो. पण किरणोपचार कित्येकदा आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. रोज अर्ध्या तासाचे काम, बाकीचा दिवस आणि सगळी रात्र कुठे काढायची? शिष्यवृत्ती आहे, खोली नाही, ही बडोद्याचीच अवस्था. हे ज्याने फार पूर्वी ओळखले त्या माणसाकडे स्वतःचे म्हणून एक खापर आणि एक खराटा होता. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडत, मग भाकरी घेत. त्यांच्या कीर्तनाला जमलेले शेठ-सावकार पैसे देत, आणि बाबा त्यांतून धर्मशाळा बांधत: पंढरपूर, नाशिक, आळंदी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बत्तीस वर्षांपूर्वी ज्याला एका शहरात रात्र काढायला जागा मिळाली नव्हती त्याच्या हाती एक अख्खी इमारत आली, तीही एका परिटाने भीक मागून बांधलेली.

दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे अल्प खर्चात राहतात. पण जागा सगळ्यांना पुरत नाही. उरलेली माणसे रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकतात, एक्स-रेचे पाकीट भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाशी घेतात. त्याच परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत गुंतवणूक म्हणून घेतलेले, वर्षानुवर्षे कुलूप न उघडलेले फ्लॅट आहेत. आणि मनोऱ्यांच्या पायथ्याशी उरलेल्या चाळींत दहा बाय बाराच्या खोल्यांत अशीही घरे आहेत, ज्यांनी गावाकडच्या पेशंटला सहा-सहा आठवडे ठेवून घेतले आहे.